भूल देणाऱ्याला हृदय दिसू द्या

ऑपरेशन होऊन घरी आलेल्या कोणालाही विचारा, सर्जन कोण होते? नाव, गाव, पदव्या, त्यांच्या हाताला किती यश आहे, सारे सांगेल. मग विचारा, भूल कोणी दिली? बहुतेक जण थबकतात. 'होते कोणीतरी डॉक्टर, हिरवी टोपी घातलेले. आकडे मोजा म्हणाले, मी सातपर्यंत आलो.' मी स्वतः याला अपवाद नाही. माझ्या एका कादंबरीत शस्त्रक्रियेचे अख्खे प्रकरण आहे. सर्जनच्या बोटांवर मी दीड पान खर्च केले आहे. भूलतज्ज्ञाच्या वाट्याला एकच वाक्य आले : 'तिला भूल देण्यात आली.' व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. कर्ता सांगितला नाही तरी वाक्य अडत नाही. भूलतज्ज्ञांची सारी हयात अशा कर्मणी प्रयोगात जाते.

हे मला सुचले ते एका टेबलावर आडवे झाल्यावर. २०२५ च्या जानेवारीतला रविवार. माझी भाची एका वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्रात एम.डी. करते, दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा फोन आला, "मामा, रविवारी मोकळा आहेस का? आम्हाला एक माणूस हवाय. नुसतं पडून राहायचं." छत्तीस वर्षे बँकेत खुर्चीवर बसून काढलेल्या माणसाला पडून राहणे ही बढतीच होती. मी हो म्हणालो.

एका खोलीत दोन यंत्रे होती आणि भोवती बारा निवासी डॉक्टर. सारे भूलशास्त्राचे विद्यार्थी, बहुतेकांचे डोळे रात्रपाळीने तांबारलेले. त्यांना शिकायची होती हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे आपण सारे जिला 'टू-डी इको' म्हणतो ती. पडून राहायला आम्ही तिघे : महाविद्यालयातला एक शिपाई, नर्सिंगची एक विद्यार्थिनी (तिची तपासणी पडद्याआड, मुलींकडूनच) आणि मी. "काका, शर्ट काढा. डाव्या कुशीवर वळा. डावा हात डोक्याखाली घ्या." मग छातीवर थंडगार जेलीचा गोळा. कुशीवर वळायचे कारण असे की, त्याने हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकते आणि मध्ये येणारे फुप्फुस थोडे बाजूला होते. फुप्फुसात हवा, आणि या ध्वनिलहरींना हवेशी हाडवैर. जेली लावायची तीही यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून.

शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या. एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. त्या दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या. मुलांचे चुकत होते, पडद्यावर नुसता राखाडी धुरळा दिसत होता, तरी त्यांनी प्रोब स्वतःच्या हातात घेतला नाही. "सरकवू नकोस, झुकव." "आता झुकवू नकोस, जागच्या जागी फिरव." "श्वास सोडायला सांग काकांना." डोळे पडद्यावर, हात दुसऱ्याच्या छातीवर. आरशात पाहून स्वतःच्या मिशा कातरण्यासारखा प्रकार आहे हा. उजवीकडे जावे तर चित्र भलतीकडे जाते. प्रोबचा कोन जरासा बदलला की आत्ता दिसत असलेला कप्पा नाहीसा होतो. बरगड्यांच्या फटीतून डोकावायचे, तेही उरोस्थीची डावी कड, हृदयाचे टोक आणि छातीच्या खाली पोटाची खोबण अशा दोन-चार ठिकाणांहूनच.

तिसऱ्या मुलाचा नंबर आला. हात चांगला होता त्याचा; चित्र लगेच मिळाले. मग तो गप्प झाला. गप्पच राहिला. शेवटी म्हणाला, "मॅडम, पेरिकार्डियल इफ्यूजन."

इंग्रजी मला कळते. हृदयाभोवती पाणी. कादंबरीकार असल्याचा तोटा असा की, पुढची प्रकरणे आपोआप सुचतात. पण त्या वेळी मला आठवत होते ते एवढेच, की लॉकरला नॉमिनेशन केले आहे की नाही.

"कुठे आहे?" मॅडमनी विचारले.

"पुढे."

"मागे?"

"मागे... दिसत नाही."

"काका किती वेळ आडवे आहेत? आडव्या माणसात पाणी आधी कुठे साठेल?"

तो विचारात पडला. "मागे, मॅडम."

"मग हे पुढेच का अडकलंय? निखळ काळं आहे, की त्यात दाणे दिसतात? हृदयाबरोबर हलतंय का?"

"दाणे आहेत. हलतंय."

"मग काय आहे?"

"चरबी," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मॅडम माझ्याकडे वळल्या. "घाबरलात ना? सॉरी. तुमच्या वयाला आणि पोटाच्या मानाने एवढी चरबी असायचीच. भिंत मात्र थोडी जाड आहे. रक्तदाबाची गोळी वेळच्या वेळी घेता ना?" भाची समोरच उभी होती. मी हो म्हणालो, आणि ते तिला पटले नाही हे मला दिसले.

हा प्रसंग इतक्या तपशिलाने सांगितला, कारण ज्या वादाबद्दल लिहायचे आहे त्याच्या दोन्ही बाजू त्या दीड-दोन मिनिटांत माझ्या छातीवर मांडल्या गेल्या. भूलतज्ज्ञाने इको शिकावे का? शिकावे, तर किती? आणि शिकवणार कोण? हृदयविकारतज्ज्ञांतले काही जण म्हणतात, अर्धवट शिकलेल्याच्या हाती हे यंत्र देणे धोक्याचे. त्यांना नुसता आपल्या कुंपणाचा अभिमान आहे असे म्हणून मी त्यांना उडवून लावणार नाही. चरबीला पाणी समजणारा मुलगा रात्री दोन वाजता एकटा असता आणि समोर मी नसून रक्तदाब कोसळलेला रोगी असता, तर त्याने सुई हातात घेतलीही असती. मग तरीही मी शिकवावे म्हणतो, ते का? त्यासाठी आमच्या आक्काची हकीकत सांगावी लागेल.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. २०१६ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एका शुक्रवारी पहाटे न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. तालुक्याच्या गावी एक बऱ्यापैकी रुग्णालय आहे, तिथे नेले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी करून टाकू. संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर आले. तरुण, सौम्य बोलणारे गृहस्थ. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग आम्हाला बाहेर घेऊन म्हणाले, "झडपेचा आवाज येतोय. इको केल्याशिवाय मी भूल देणार नाही." इको करणारे हृदयविकारतज्ज्ञ जिल्ह्याहून आपले यंत्र घेऊन येत, दर गुरुवारी. आक्काला जिल्ह्याला हलवावे, तर मोडलेल्या हाडाने, ठणकत, तसल्या रस्त्याने सत्तर किलोमीटर. थांबायचे ठरले.

त्या डॉक्टरांवर मी तेव्हा फार चिडलो होतो. आज चिडत नाही. त्यांची भीती खरी होती. म्हातारपणी हृदयातून बाहेर पडणाऱ्या महारोहिणीच्या तोंडची झडप कडक होते. काहींच्या बाबतीत ती नुसती खरखरीत होते. काहींच्या बाबतीत इतकी आवळते की रक्ताला जेमतेम फट उरते. नळीतून ऐकू येणारा आवाज दोन्हीत येतो. कमरेतून दिलेल्या भुलीने खालच्या अंगातल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. धडधाकट हृदय जोर वाढवून ते सांभाळून घेते. पण दारच अरुंद असेल, तर जोर लावून उपयोग काय? दाब आणखी उतरतो, खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते, तो आणखी दुबळा होतो, आणि या उतरंडीवरून रोगी परत वर येईलच असे नाही. झडप खरखरीत आहे की आवळलेली, हे न कळता सुई टोचणे म्हणजे तारण न पाहता कर्ज देणे.

गुरुवारी यंत्र आले. तपासणीला बारा मिनिटे लागली. मी घड्याळाकडे पाहत होतो. झडप वयोमानाने जाड झाली आहे, पण नीट उघडते आहे, भूल द्यायला हरकत नाही. पण तोपर्यंत सहा दिवस उताणे पडून आक्काच्या छातीत कफ भरला होता आणि ताप चढला होता. शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. त्यानंतर अकराव्या दिवशी, न्यूमोनियाने, ती गेली. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूत्रांत खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करावी असे म्हटले आहे, हे मी नंतर वाचले. वाचायला नको होते.

आणखी एक गोष्ट. त्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर सोनोग्राफीचे यंत्र होते. खोलीला कुलूप होते, बाहेर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' हा फलक. सहा दिवस मी त्या फलकासमोरच्या बाकावर बसून चहा पीत होतो. त्या यंत्राला हृदयासाठीचा प्रोब जोडलेला नव्हता, आणि असता तरी ते हाताळायची मुभा आणि शिकवण भूल देणाऱ्या डॉक्टरांना नव्हती. या फलकाकडे पुन्हा यावे लागेल.

गंमत अशी की, या तंत्राचा जन्मच मुळी शस्त्रक्रियेआधीच्या अशा प्रश्नातून झाला. स्वीडनमधील लुंडच्या रुग्णालयात इंगे एडलर नावाचे डॉक्टर होते. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रिया तेव्हा नुकत्या सुरू झालेल्या. झडप आवळलेली असेल तर सर्जनने ती मोकळी करायची. पण ती गळकी असेल तर तीच शस्त्रक्रिया घातक. आत काय आहे ते आधी सांगायचे काम एडलर यांच्याकडे होते, आणि खात्रीचे साधन नव्हते. त्यांना साथ मिळाली कार्ल हेलमुथ हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाची. माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यात लोखंडातल्या भेगा शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे यंत्र वापरत. हर्ट्झ यांनी ते उसने घेऊन स्वतःच्या छातीला लावून पाहिले; पुढे सीमेन्सकडून तसले यंत्र मिळवले, आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये दोघांनी हलत्या हृदयाचा पहिला आलेख काढला. जहाजाच्या पत्र्याची भेग शोधणाऱ्या यंत्राने माणसाच्या हृदयाची झडप दिसावी! १९७७ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण तोवर हे तंत्र हृदयविकारतज्ज्ञांच्या घरी नांदायला गेले होते, ते रीतसर तिथलेच झाले.

भूलतज्ज्ञांकडे ते परत आले दोन वाटांनी. एक वाट हृदयशस्त्रक्रियेची. छाती उघडलेली असताना वरून प्रोब लावायला जागा नसते. १९८० नंतरच्या दशकात अन्ननलिकेतून आत सोडायचे प्रोब तयार झाले. अन्ननलिका हृदयाच्या पाठीला लागूनच असते, आणि रोग्याच्या डोक्याशी बसलेला माणूस भूलतज्ज्ञच. साहजिकच ते त्याचे काम झाले. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन संघटनांनी त्यासाठी वीस दृश्ये ठरवून दिली, २०१३ मध्ये ती अठ्ठावीस झाली. आपल्याकडेही हृदयभूलतज्ज्ञांची संघटना याची परीक्षा घेते. हे शिक्षण पक्के आहे, पण ते मोजक्या लोकांचे.

दुसरी वाट सामान्य रोग्याची, आणि माझा विषय तीच आहे. डेन्मार्कमध्ये ऑर्हूस इथल्या भूलतज्ज्ञांनी, त्यांत एरिक स्लोथ यांचे नाव प्रमुख, 'फेट' नावाची आटोपशीर तपासणी बसवली. तीन ठिकाणांहून हृदय पाहायचे, चौथ्या ठिकाणी फुप्फुसाभोवती पाणी आहे का ते पाहायचे. मोजमापांचा फापटपसारा नाही. मोजके प्रश्न : हृदय भरलेले आहे की रिकामे? जोर चांगला आहे की नाही? उजवा कप्पा फुगलेला आहे का? भोवती पाणी आहे का? झडपेत डोळ्यांत भरेल असे काही दिसते का?

हे प्रश्न साधे वाटतात, पण टेबलावर रोग्याचा रक्तदाब अचानक उतरला की सारी मदार यांवरच असते. दाब उतरला हे यंत्र सांगते. का उतरला ते सांगत नाही. रक्त वाहून गेले म्हणून, पंप दुबळा म्हणून, वाटेत अडथळा आला म्हणून, की वाहिन्या सैल पडल्या म्हणून? खात्यातली शिल्लक घटलेली दिसते तशातला प्रकार. पगार आला नाही, की चेक वटला, की कोणी हात मारला? आणि इथे उपाय परस्परविरोधी आहेत. रक्त गेलेल्याला सलाइन हवे. दुबळ्या हृदयाला तेच सलाइन दिले तर फुप्फुसात पाणी भरते. आजवर भूलतज्ज्ञ हे अनुभवाने आणि अंदाजाने ओळखत आले. बोटाखालची नाडी होती, मग छातीची नळी, ईसीजीचा पडदा, आणि ज्याची ओळख करोनाने घराघरांत करून दिली तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास त्याचे तत्त्व शोधून काढले. त्या वेळी तरी कोणाला वाटले होते की हा चिमटा एक दिवस भूल देण्याची अटच होईल?

बँकेतली एक आठवण. गुळाच्या तारणावर कर्ज दिलेले एक खाते माझ्याकडे होते. दर महिन्याला साठ्याचा तक्ता येई, टाइप केलेला, सहीशिक्क्यानिशी, बिनचूक. दोन वर्षे मी तो तक्ता फायलीला लावत होतो. एके दिवशी सहज गोदामात गेलो. पुढच्या रांगेत ढेपा होत्या. मागे रिकाम्या पेट्या. रक्तदाबाचा आकडा हा साठ्याचा तक्ता आहे. इको म्हणजे गोदामात जाणे.

आता हृदयविकारतज्ज्ञांचा आक्षेप. तो मला बँकेच्या भाषेतच समजतो. शाखेच्या व्यवस्थापकाला कर्जमंजुरीचे अधिकार असतात, पण मर्यादेपर्यंत. त्यापलीकडचे प्रकरण विभागीय कार्यालयाकडे. व्यवस्थापकाला पूर्ण कर्जशास्त्र येत नाही म्हणून कोणी त्याचे सगळेच अधिकार काढून घेत नाही. तसे केले तर दहा हजारांच्या कर्जासाठी शेतकऱ्याला गुरुवारची वाट पाहावी लागेल. मात्र आपली मर्यादा कुठे संपते हे व्यवस्थापकाला पाठ असावे लागते. निवासी डॉक्टरांना शिकवायचे ते हेच. झडपेतून रक्त किती वेगाने जाते, अरुंदपणा किती चौरस सेंटिमीटरचा, हे सांगणे त्यांचे काम नव्हे. 'झडप नीट उघडताना मला दिसत नाही, तुम्ही या' एवढे रात्री दोन वाजता फोनवर सांगता आले, तरी खूप झाले. आणि 'मला नीट दिसत नाही, म्हणून मी मत देत नाही' हे म्हणता येणे त्याहून अवघड. त्या मुलाला ते वाक्य सुचले असते, तर मी लॉकरची चिंता केली नसती.

पण ही मर्यादा भाषणाने कळत नाही. १९८३ साली मी बँकेत लागलो, तेव्हा हेड कॅशियरांनी मला कॅशमध्ये बसवले. मला वाटले, खोट्या नोटा कशा ओळखायच्या ते शिकवतील. त्यांनी तीन महिने मला एकही खोटी नोट दाखवली नाही. नुसत्या खऱ्या मोजायला लावल्या, पुडक्यांवर पुडकी. चौथ्या महिन्यात मोजता मोजता माझे बोट आपोआप थांबले. ती नोट खोटी होती. इकोचेही तसेच असावे. मॅडमनी त्या दिवशी एकही रोगी आणला नव्हता. आम्ही तिघेही बरे म्हणता येतील असेच होतो. "आधी चांगली पन्नास हृदये बघा," त्या मुलांना सांगत होत्या, "मग बिघडलेले आपणहून दिसेल." ब्रिटनमध्ये इंटेन्सिव्ह केअर सोसायटीच्या अभ्यासक्रमात पन्नास तपासण्यांची नोंदवही लागते, आणि त्या नोंदी मार्गदर्शकाच्या नजरेखालून जातात. पन्नास हा काही मंत्र नव्हे, पण शून्य आणि पन्नास यांत फरक आहे.

आपल्याकडे काय चालते? कार्यशाळा. शनिवार-रविवार, तारांकित नसले तरी बऱ्यापैकी हॉटेल, खांद्यावर अडकवायची पिशवी, जेवण, समूहचित्र, प्रमाणपत्र. एका यंत्राभोवती दहा-बारा जण. प्रत्येकाच्या वाट्याला प्रोब येतो काही मिनिटे. सोमवारी हे डॉक्टर आपल्या गावी परततात, तिथे यंत्र नसते, किंवा असले तर दुसऱ्या विभागाच्या कपाटात असते. महिन्याभरात हात विसरतो. पोहायला शिकवून विहिरी बुजवाव्यात तसे. कार्यशाळा बंद करा असे मी म्हणत नाही; मी पडून होतो ती कार्यशाळाच होती, आणि ती चांगली होती. पण ती एका माणसाच्या हौसेवर चालली होती. मॅडमची बदली झाली तर पुढच्या वर्षी होईलच असे नाही. ज्या प्राध्यापकांनी शिकवायचे, त्यांतल्या अनेकांच्या विद्यार्थिदशेत हे नव्हतेच. त्यांनाही कोणाकडे तरी शिकायला बसावे लागेल, आणि पन्नाशीत पंचविशीच्या मुलाशेजारी प्रोब घेऊन चाचपडणे सोपे नाही. यावर मला एक उपाय दिसतो. तो साधा आहे, म्हणून बहुधा होणार नाही. इकोच्या खोलीत दिवसाला तीस-तीस तपासण्या करणारा जो कोणी असेल, कनिष्ठ डॉक्टर असो की तंत्रज्ञ, त्याच्या शेजारी भूलशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला महिनाभर बसवा. मला नोटा शिकवल्या त्या हेड कॅशियरांनी, जनरल मॅनेजरांनी नव्हे.

छातीचे पुतळे आणि संगणकावरची नकली हृदयेही निघाली आहेत. सुरुवातीला हात बसवायला ती चांगली. पुतळा कंटाळत नाही, त्याला थंडी वाजत नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका संगणकप्रणालीला मान्यता दिली, ती नवख्या माणसाला प्रोब कुठे सरकवायचा ते सांगत जाते. यंत्रेही आता खिशात मावतात. तेव्हा हात शिकवण्याची अडचण हळूहळू कमी होईल. पण पुढे दिसते ते पाणी की चरबी, मागे पाहिलेस का, हे हात बांधून विचारणारे माणूस लागणारच, आणि त्याच्या वेळेचे कोणी अंदाजपत्रक करत नाही.

आता त्या फलकाकडे. सोनोग्राफीच्या यंत्रांवर आपल्याकडे कडक कायदा आहे, आणि त्यात महाराष्ट्र पहिला. १९८८ साली राज्याने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने केला, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. यंत्राची नोंद, जागेची नोंद, चालवणाऱ्याची नोंद. २०१२ च्या दुरुस्तीने हातात घेऊन फिरता येतील अशा यंत्रांवरही बंधने आली. भूलतज्ज्ञ कुरकुर करतात की, हृदय बघायला यंत्र हवे तर या साऱ्या कागदपत्रांतून जावे लागते, आणि एका इमारतीतून दुसरीकडे नेता येत नाही. कुरकुर खरी आहे. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. या आकड्यांसमोर कायदा सैल करा असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खिशात मावणारे यंत्र हृदय दाखवते तसे गर्भही दाखवते. मार्ग निघेल तो कायदा वाकवून नव्हे, तर प्रत्येक शस्त्रक्रियागृहाच्या आवारात एक यंत्र तिथल्याच नावाने रीतसर नोंदवून, त्यावरच्या प्रत्येक तपासणीचे चित्र साठवून. नोंद ठेवायची सवय लागली तर शिकणाऱ्याचेही भलेच. कॅशमध्ये दिवसअखेर मेळ घातल्याशिवाय कोणी घरी जात नसे.

आमच्या भाचीचा एक अनुभव सांगतो. २०२५ चा जून, तिची प्रसूतिविभागात रात्रपाळी. सिझेरियनसाठी एक बाई आणली, पंचविशीची, धाप लागलेली. सारे म्हणत होते, दिवस भरलेत, लागतेच धाप. भाचीने छाती ऐकली, तिला संशय आला. यंत्र प्रसूतिविभागातच नोंदलेले होते, तिने प्रोब लावला. डावा वरचा कप्पा फुगलेला, आणि खालच्या कप्प्याकडे उघडणारी झडप हॉकीच्या काठीसारखी वाकलेली. लहानपणीच्या सांधेतापाने आवळलेली झडप. आपल्या देशात अजून संपलेली नाही ती. भाचीने पुढचे काही मोजले नाही. वरिष्ठांना उठवले, त्यांनी हृदयविकारतज्ज्ञांना. नेहमीची कमरेची एकरकमी भूल न देता हळूहळू, थोडी थोडी करत भूल दिली. मुलगी झाली. दोघी घरी गेल्या.

गणपतीत भाची घरी आली तेव्हा तिने मला तिची नोंदवही दाखवली. साधी दोनशे पानी वही, पट्टीने आखलेले रकाने : दिनांक, प्रश्न, काय दिसले, पुढे काय केले, मार्गदर्शकाची सही. जूनमधल्या त्या रात्रीची नोंद तिच्या बारीक अक्षरात आहे. प्रश्न : धाप हृदयाची आहे का? दिसले : डावा वरचा कप्पा मोठा, झडप पूर्ण उघडत नाही. पुढे : वरिष्ठांना फोन, २.४०.

एकतीस नोंदी झाल्या होत्या. सही बारांवर होती. मी विचारले, बाकीच्यांचे काय? ती म्हणाली, "मॅडमना वेळ मिळाला की एकदम बसून बघणार आहोत. पण मशीनची मेमरी भरत आलीये रे मामा. भरली की जुनी चित्रं आधी पुसली जातात."